वकीलबाईंनी सॅलरी स्लिप आणायची कुठून?

गृहकर्जाची चौकशी करायला बँकेत गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "सॅलरी स्लिप आणलीत?" शाळेतली बाई, नगरपालिकेतली कारकून, कुणीही असो, पर्समधून तीन महिन्यांच्या स्लिपा काढून ठेवते आणि पुढचं बोलणं सुरू होतं. आमच्या वकील मैत्रिणीचं घोडं तिथेच अडलं. पनवेल कोर्टात तिला चौदा वर्षं झाली. आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या कितीतरी जणींच्या पोटगीच्या केसेस तीच चालवते. पण स्वतःच्या वन बीएचकेसाठी कर्ज मागायला गेली, तर साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं इन्कम रेग्युलर नाही हो."

आता गंमत बघा. वकिलाने पगारी नोकरी करायची नाही, हा बार कौन्सिलचाच नियम आहे. पूर्णवेळ नोकरी धरली तर वकिली थांबवावी लागते. म्हणजे इकडे कायदा म्हणतो पगार घेऊ नका आणि तिकडे बँक म्हणते पगाराचा कागद दाखवा. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देऊन आल्या, पण बाईला वकिली करू देणारा कायदा यायला १९२३ साल उजाडलं. कोर्टाचं दार उघडून शंभर वर्षं झाली, बँकेचं अजून किलकिलंच आहे.

वकिलीतला पैसा येतो कसा, हे बघितलं तर साहेबांची शंका अगदीच खोटी नाही. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी, दिवाळीत सुट्टी. त्या दिवसांत कमाई जवळजवळ बंद. अशील निम्मी फी आधी देते आणि उरलेली "पोटगी सुरू झाली की देते, ताई" म्हणते. दावा जिंकला तर अमुक टक्के, असा करार करायलाही वकिलाला बंदी आहे. त्यामुळे एखाद्या महिन्यात साठ हजार येतात, तर पुढच्या महिन्यात आठ. पण वर्षाची बेरीज केली तर ती पगारदाराइतकीच भरते. माझं म्हणणं एवढंच, की बँकेने महिना बघू नये, वर्ष बघावं.

खरं तर बँकाही स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांना कर्ज देतात. त्यांना बहुधा दोन-तीन वर्षांची प्राप्तिकराची रिटर्न्स, जमाखर्च आणि बँकेचं स्टेटमेंट लागतं. घोडं पेंड खातं ते इथे. आपल्याकडे बायकांची कमाई कागदावर येतच नाही. फी रोखीत येते, त्यातून भाजी, मुलाची क्लासची फी, सासूबाईंची औषधं. उरलंसुरलं खात्यात. आणि सीए सांगतो, "उत्पन्न कमीच दाखवू, कशाला कर भरता?"

हा हिशोब एकदा मांडून बघा. रिटर्नमध्ये वर्षाचं निव्वळ उत्पन्न ३ लाख दाखवलं, म्हणजे महिन्याला २५ हजार. बँकेने त्यातले निम्मे हप्त्यासाठी धरले, तर साडेबारा हजार. नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जाला दर लाखामागे महिन्याला साधारण ९०० रुपये हप्ता पडतो. म्हणजे कर्ज बसतं चौदा लाखांच्या आत. तेवढ्यात नवीन पनवेलला स्टेशनजवळ काय मिळणार? विमानतळाचं नाव निघाल्यापासून इथले भाव कुठे गेलेत ते पनवेलकरणींना मी सांगायला नको.

शिवाय कर वाचवण्याची सबबही आता फारशी उरलेली नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर पडत नाही, फक्त रिटर्न भरावं लागतं. वकील-डॉक्टरांना २०१६ च्या अर्थसंकल्पाने एक सोयही करून दिली. जमाखर्चाच्या वह्या न ठेवता फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. पण निम्म्याहून जास्त दाखवायलाही मनाई नाही, हे कुणी सांगत नाही. खर्च खरोखर कमी असेल तर जास्त दाखवावं, बँक तेच उत्पन्न धरते. आणि तीन वर्षांची रिटर्न्स एकाच आठवड्यात भरून नेली तर बँकेला संशय येणारच.

मला सर्वांत खटकलं ते साहेबांनी सुचवलेलं औषध. "मिस्टरांना घ्या ना बरोबर, लगेच होईल." मिस्टरांचा पगार जोडला की कर्ज वाढतं हे खरं. पण त्याबरोबर घराच्या करारातही त्यांचं नाव चढवायचं, हे सगळे गृहीतच धरतात. बहुतेक बँकांचा नियम उलट्या बाजूने असतो. घराच्या प्रत्येक मालकाला कर्जात यावं लागतं, पण कर्जात आलेला प्रत्येक जण मालक असावा लागत नाही. नवऱ्याने सहकर्जदार व्हावं, घर बायकोच्या एकटीच्या नावावर राहावं, हे होऊ शकतं. मात्र हप्ता थकला तर बँक दोघांनाही धरते, तेव्हा हे नवऱ्याशी आधीच स्पष्ट बोललेलं बरं. शिवाय १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. चाळीस लाखांच्या घरामागे ४० हजार रुपये. नवऱ्याचं नाव करारात घातलं की ते गेले.

पोटगीच्या केसेसमध्ये ज्या बायका भेटतात, त्यांतल्या किती जणींनी घराचे हप्ते भरले होते आणि कागदावर त्यांचं नावच नव्हतं, हे आमच्या या मैत्रिणीने रोज बघितलेलं. त्यामुळे ती साहेबांपुढे अडून बसली. त्या बँकेने नाही म्हटलं. तिने आता टेबलावर क्यूआर कोडचा स्टँड ठेवलाय, पाचशे रुपये आले तरी खात्यात जातात आणि पावती फाडली जाते. सुट्टीतले हप्ते चुकू नयेत म्हणून वेगळं आवर्ती खातं उघडलंय. दुसरं रिटर्न याच वर्षी भरून झालं. तिसरं भरलं की दुसऱ्या बँकेत जाणार आहे. मी सोबत जाईन म्हटलंय.