समजून घ्या : आदेश मिनिटांत पोहोचतो, मग शाळा बदलायला वर्षं का लागतात?

मंत्रालयातला शासन निर्णय दौंड तालुक्यातल्या कुरकुंभपर्यंत यायला आता काही मिनिटं पुरतात. शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक अशी व्हॉट्सॲप ग्रुपची उतरंडच आहे. ‘आज दुपारपर्यंत माहिती भरा’ हा निरोप त्यातून सुसाट जातो. वर्गातलं शिकवणं मात्र या वाटेने बदलत नाही.

मुख्याध्यापक विचारणार कुणाला?

शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत 150 पेक्षा जास्त मुलं असतील, तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. वाडी-वस्तीवरच्या दोन शिक्षकी शाळेत ज्येष्ठ गुरुजी किंवा बाईच मुख्याध्यापक. वर्ग, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, सगळं त्यांच्याकडेच. अडचण बोलायला बरोबरीचा माणूस भेटतो तो शेजारच्या गावातल्या शाळेत.

या शाळांना जोडणारा दुवा म्हणजे केंद्रप्रमुख. राज्यात ही 4,860 पदं मंजूर. त्यातल्या 2,384 पदांसाठी 2023 मध्ये परीक्षेची जाहिरात निघाली, पण परीक्षा लांबतच गेली. पद रिकामं राहिलं की शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभार येतो आणि शाळाभेटीला वेळच उरत नाही. उरते ती टपाल पुढे ढकलणं.

कुमठे बीटने काय दाखवलं?

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना सोबत घेऊन ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली. राज्यभरातले शिक्षक ती बघायला तिथे गेले, वर्गात बसले. 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयानंतर हा ओघ वाढला. पण अनेक शाळांनी उचलली ती फक्त फरशीवरची रंगीत आखणी. साहजिकच आहे. रंगाचा फोटो ग्रुपवर टाकता येतो. मूल अडलं तेव्हा बाईंनी काय विचारलं, ते फोटोत येत नाही.

कुरकुंभला याचं महत्त्व जास्त. औद्योगिक वसाहतीमुळे परराज्यातली कामगार कुटुंबं इथे येतात. मराठी न येणारं मूल मध्येच तिसरीत दाखल झालं, तर सुरुवात कुठून करायची? याचं उत्तर परिपत्रकात नसतं. असं मूल आधी शिकवलेल्या शेजारच्या शाळेत ते असू शकतं. केंद्राची शिक्षण परिषद अशा बोलण्यासाठीच असते. तिथला वेळ सूचना वाचण्यात गेला, तर ते उत्तर त्याच शाळेत राहतं.