परदेशातल्या विद्यापीठात गोळीबार झाला तर? आधी दार बंद, मग मेसेज. घरच्यांनी लगेच फोन लावू नये

गावागावांतली पोरं आता शिकायला अमेरिका, जर्मनी, इंग्लंडला जाऊ लागली आहेत. कुणी बँकेचं कर्ज काढलं, कुणी जमिनीचा तुकडा विकला. तिकडं एखाद्या विद्यापीठात गोळीबार झाल्याची बातमी मोबाईलवर आली की इकडं घरच्यांचा जीव टांगणीला लागतो आणि सगळे आधी फोन लावतात. पण त्या घडीला हेच धोक्याचं ठरू शकतं. लपून बसलेल्या पोराचा फोन वाजला, तर तो कुठं आहे हे हल्लेखोराला कळतं.

असे हल्ले रोज होत नाहीत. पण झाले तर काही मिनिटांतच सगळा खेळ होतो. १६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांचा जीव गेला. त्यात मूळचे तमिळनाडूचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन होते आणि मुंबईची एक विद्यार्थिनीही होती.

त्या दिवशी सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. विद्यार्थ्यांना सावध करणारा पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर पाऊण तासही लोटला नाही, तोवर नॉरिस हॉल या इमारतीत ३० जण मारले गेले. हल्लेखोराने मुख्य दारांना आधीच साखळ्या घातल्या होत्या. आतला गोळीबार साधारण १० ते १२ मिनिटं चालला.

वर्गांच्या दारांना आतून कुलूप नव्हतं. तरी २०५ नंबरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी दाराला मोठं टेबल लावून ते दाबून धरलं. हल्लेखोराने दार ढकललं, दारातून गोळ्याही झाडल्या, पण त्याला आत शिरता आलं नाही. त्या वर्गातला एकही जण जखमी झाला नाही. शेजारच्या २०४ मध्ये ७६ वर्षांचे प्राध्यापक लिव्हिउ लिब्रेस्कू यांनी दार अडवून धरलं आणि पोरांनी खिडकीतून उड्या मारल्या. स्वतः प्राध्यापक मात्र वाचले नाहीत.

अमेरिकेत आता विद्यार्थ्यांना तीन गोष्टी क्रमाने सांगतात: पळा, लपा, आणि दुसरा इलाजच उरला नाही तर प्रतिकार करा. वाट मोकळी असेल तर दप्तर, लॅपटॉप तिथंच टाकून निघायचं. वाट नसेल तर खोलीत शिरून दार लावायचं, टेबल-कपाट आडवं लावायचं, दिवे बंद करायचे, दारासमोर उभं राहायचं नाही. मोबाईल पूर्ण मुका करायचा, व्हायब्रेशनसुद्धा बंद. व्हिडिओ काढायचा नाही, लाईव्ह जायचं नाही. पोलीस आले की रिकामे हात वर ठेवायचे, त्यांच्या अंगावर धावत जायचं नाही.

इकडं गावात घरच्यांनी काय करावं? एकच मेसेज टाकावा: "सुरक्षित झालास की कळव." मग थांबावं. घरातल्या दहा जणांनी दहा फोन लावू नयेत. व्हॉट्सअॅपवर फिरणारे व्हिडिओ आणि मृतांची नावं पुढं ढकलू नयेत. विद्यापीठाची आणि भारतीय दूतावासाची अधिकृत माहिती बघावी.

खरी तयारी विमानात बसण्याआधीची आहे. २००८ मध्ये अमेरिकेत कायदा बदलला आणि धोका दिसताच सगळ्यांना तातडीने कळवणं विद्यापीठांवर बंधनकारक झालं. पण मुलाने आपला तिकडचा नंबर विद्यापीठाकडे नोंदवला नसेल, तर मोबाईलवर तो इशारा येणार कसा? म्हणून पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात नंबर नोंदवायला सांगा. अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, युरोपीय संघाच्या देशांत ११२ हे मदतीचे नंबर त्याच्या पाठ असू द्या. आणि त्याच्या खोलीतल्या जोडीदाराचा नंबर घरातल्या वहीत आजच लिहून ठेवा.