वादळानंतर अमेरिकेत घरं कोण बांधतं? सरकार, विमा की चर्चचे स्वयंसेवक?

लांब दाढी, डोक्यावर हॅट, हातात हातोडा आणि बघता बघता उभी राहणारी चिमुकली लाकडी घरं. 2024 च्या शेवटी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागातले असे व्हिडिओ तुमच्याही फीडवर आले असतील. हे होते पेनसिल्व्हेनियातून आलेले आमिश पंथाचे सुतार. कमेंट्सचा सूर एकच होता: सरकारला जमलं नाही, ते चर्चवाल्यांनी करून दाखवलं.

हे अर्धंच खरं आहे. कारण तिथे स्वयंसेवकांचे हात पुनर्बांधणीच्या व्यवस्थेतच धरलेले असतात.

झालं असं की, हेलीन हे चक्रीवादळ 26 सप्टेंबर 2024 च्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकलं. पण मोठा घात झाला तो किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत. डोंगरात आधीच मुसळधार पाऊस झाला होता, त्यावर वादळाचा पाऊस आला. ॲशव्हिलमध्ये फ्रेंच ब्रॉड नदीने 1916 च्या पुराचा विक्रम मोडला. एकट्या नॉर्थ कॅरोलायनात शंभरहून जास्त माणसं गेली.

विमा नव्हता का?

होता, पण पुराचा नव्हता. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही, त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. गृहकर्ज असेल आणि घर सरकारी नकाशावरच्या पूरप्रवण पट्ट्यात असेल, तरच ती सक्तीची. डोंगरातली बरीच घरं या पट्ट्याबाहेरची. तिथे कोण कशाला हप्ते भरेल?

मग उरली 'फेमा' ही केंद्रीय आपत्ती यंत्रणा. 'फेमाने फक्त 750 डॉलर टेकवले' ही पोस्ट तेव्हा प्रचंड फिरली. ते 750 डॉलर अन्नपाण्यासारख्या तातडीच्या गरजेसाठीची पहिली रक्कम होती. घराच्या दुरुस्तीसाठी वेगळी मदत होती आणि तिची कमाल मर्यादा 42,500 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने 35 लाख रुपयांच्या आसपास. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण तिथे सुताराची, गवंड्याची मजुरी इतकी महाग की वाहून गेलेलं घर त्यात उभं राहत नाही. शिवाय बहुतेकांना कमाल रक्कम मिळतच नाही. घरं बांधून देणारा मोठा सरकारी निधी आधी संसदेतून मंजूर व्हावा लागतो. नॉर्थ कॅरोलायनात त्या योजनेचे अर्ज सुरू झाले जून 2025 मध्ये. वादळानंतर जवळपास नऊ महिन्यांनी!

या मधल्या काळात चर्चचे गट कामाला लागतात. आधी चिखल उपसायचा, भिजलेल्या भिंतींचे पत्रे उखडायचे, बुरशी धरण्याआधी लाकडी सांगाडा वाळवायचा. बांधकाम नंतर. स्थानिक समिती प्रत्येक कुटुंबाची कागदपत्रं बघते: विम्याचे किती आले, फेमाचे किती, जवळ किती आहेत. कमी पडतात ते पैसे देणग्यांतून उभे करून सामान आणलं जातं आणि मजुरी फुकट. दर आठवड्याला नवी तुकडी येते, चर्चच्या हॉलमध्ये झोपते, दिवसभर खिळे ठोकते. वायरिंगला मात्र परवानाधारक माणूस लागतो. 'भावना चांगली होती' म्हणून सरकारी तपासणीत सूट नाही.

ही पद्धत जुनी आहे. 'मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस' 1950 मध्ये कॅन्ससमध्ये सुरू झाली. धर्माच्या कारणाने दुसऱ्या महायुद्धात बंदूक उचलायला नकार देणाऱ्या तरुणांना शांततेच्या काळातही देशासाठी काहीतरी करायचं होतं, त्यातून ती उभी राहिली. आज सरकारही या श्रमाचा हिशेब ठेवतं. राडारोडा हटवण्यासारख्या सार्वजनिक कामात स्वयंसेवकांच्या तासांची किंमत राज्याच्या किंवा स्थानिक प्रशासनाच्या वाट्याच्या खर्चात धरता येते. म्हणजे सेवा ताळेबंदातही बसते.

मग अडचण कुठे आहे?

धर्मप्रसाराची शंका पहिल्यांदा येते. काही संस्था काम झाल्यावर घरमालकाला बायबल भेट देतात, हे खरं. पण मला मोठा प्रश्न वेगळाच वाटतो. कॅमेरे असतात तेव्हा स्वयंसेवक भरपूर असतात, पण तेव्हा चिखलच निघत असतो. कुशल हात लागतात ते वर्षभराने, आणि तोवर गर्दी पुढच्या वादळाकडे वळलेली असते. कोणाचं घर आधी होणार, हे मग कुठल्या चर्चची तुकडी कुठे पोचली यावरही ठरतं.

आणि हे गट मुख्यतः स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्यांची घरं दुरुस्त करतात. भाडेकरूच्या डोक्यावरचं छप्पर गेलं, तर ते बांधायचं की नाही हे घरमालक ठरवणार. तोवर तो भाडेकरू दुसऱ्या गावात खोली शोधत असतो. त्याचा व्हिडिओ फीडवर येत नाही.