जखमेला मालक कोण?

नांदेडच्या तुप्प्याच्या किंवा लातूरच्या वरवंटीच्या कचरा डेपोवर एखाद्या बाईच्या तळपायात काच घुसली, तर सरकारदरबारी तो अपघात नसतो. कारखान्यात बोट तुटले तर भरपाईच्या कायद्याने मालकाकडे दाद मागता येते. कचरावेचकाला मालकच नाही. जागा महापालिकेची, कचरा शहराचा, टिपर ठेकेदाराचे; आणि त्यातून प्लास्टिक, पुठ्ठा, पत्रा उचलून विल्हेवाटीचा भार हलका करणारी बाई मात्र अनधिकृत! तिची जखम कुणाच्याच नोंदवहीत चढत नाही. नोंद नाही म्हणून तरतूद नाही, आणि तरतूद नाही म्हणून हातमोजेही नाहीत.

दवाखान्यांचा कचरा वेगळा जायला हवा, हे खरेच. पण मधुमेहाच्या रुग्णांच्या घरातून निघणाऱ्या इन्सुलिनच्या सुया कुठे जातात? शिळी भाजी, सॅनिटरी पॅड, फुटकी ट्यूब आणि सुई एकाच पिशवीत गाठ मारून आपणच घंटागाडीत टाकतो. ती गाठ डेपोवर उघड्या हाताने सुटते. उन्हाळ्यात ढिगाऱ्यातला मिथेन पेटतो, तो धूर वेचणाऱ्यांच्याच नाकातोंडात जातो. पावसाळ्यात ढीग खचतो. फिलिपाइन्समधील पायातास येथे २००० साली आणि इथिओपियात अदिस अबाबाजवळ २०१७ साली ढिगाऱ्यांखाली शेकडो माणसे गाडली गेली. त्याच वर्षी दिल्लीच्या गाझीपुरातही ढीग कोसळून बळी गेले. आपले ढिगारे तेवढे उंच नाहीत, हा दिलासा फार पुरणारा नाही. सुई टोचायला उंची लागत नाही.

उपाय ठाऊक नाही असेही नाही. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव आदींच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. १९९६ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी तिच्या सदस्यांची ओळखपत्रे मान्य केली. या संघटनेतल्या कित्येक कुटुंबांनी १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्याची वाट धरली होती. म्हणजे मराठवाड्याच्या लेकींना कष्टकरी म्हणून ओळख मिळाली ती परमुलखात, आणि गावी राहिलेल्या अजून ताटकळत आहेत. लातुरात जनाधार सेवाभावी संस्थेने कचरावेचक महिलांना घरोघरच्या संकलनात आणि वर्गीकरणात सामावून घेतले, हे मात्र मोकळेपणाने मान्य करायला हवे. ज्या शहराला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याला हे जमते. तर नांदेडला का जमू नये?

कचरावेचकांची नोंदणी करून त्यांना व्यवस्थेत सामावून घ्या, असे घनकचरा नियमांनी २०१६ सालीच सांगितले. २०२४ मध्ये केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत त्यांचा समावेश झाला. सुरक्षासाधने आणि आयुष्मान कार्ड त्यातून मिळू शकते. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. हिपॅटायटिस बी लशीचे तीन डोस आणि धनुर्वाताचे इंजेक्शन डेपोवर जाऊन देणे त्यांना अवघड नाही.

जुने ढीग उपसण्याच्या बायोमायनिंगचे गोडवे सध्या सगळीकडे गायले जातात. ढीग जायलाच हवेत, पण त्यांच्याबरोबर वेचणारीची रोजीही जाते. तेव्हा ठेक्याच्या निविदेतच अट घालावी: डेपोवरच्या कचरावेचकांची यादी आधी, त्यांना वर्गीकरणाचे काम आणि विमा त्यानंतर, आणि ठेकेदाराचे पहिले बिल त्याच्याही नंतर.