टायर सगळे बघतात, चाक धरणारा बॉल जॉइंट कोण बघणार?

डोणगाव (ता. मेहकर) : समृद्धी महामार्गावर नाहीतर मेहकर-मालेगाव रस्त्यावर गाडी उलटली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "टायर फुटला." १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले, तेव्हाही चालकाने हेच सांगितलं होतं. परिवहन विभागाच्या अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. त्या बसचं कारण वेगळं, तो विषय इथे नाही. पण टायरचं नाव घेतलं की चौकशी तिथेच थांबते आणि चाक ज्याच्यावर उभं असतं त्या सांध्याकडे कुणी वाकून बघत नाही, हे आपल्याकडे नेहमीचं झालंय.

तो सांधा म्हणजे बॉल जॉइंट. माणसाच्या खुब्यात जसा गोळा आणि वाटी असते, तसाच. वाटीत बसलेला पोलादी गोळा, आत ग्रीस, वरून रबराचं बूट. पुढचं चाक आणि खालचा लोअर आर्म यांना तो जोडतो. त्याच्यामुळे चाक डावी-उजवीकडे वळतं आणि खड्ड्यात खाली-वर होतं. बहुतेक छोट्या गाड्यांत प्रत्येक पुढच्या चाकाला असा एकच असतो, काही जीपसारख्या गाड्यांत वर-खाली दोन. गोळा वाटीतून निघाला की चाक आडवं पडतं, गाडी पुढून जमिनीवर टेकते आणि स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. गावातल्या वळणावर झालं तर मडगार्ड आणि शाफ्टवर निभावतं. समृद्धीवर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, तिथे झालं तर काय, हे सांगायची गरज नाही.

बिघाडाची सुरुवात मात्र फार छोटी असते, रबर चिरण्यापासून. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल त्या चिरेतून आत जातो, ग्रीस धुवून निघतं. उन्हाळ्यात धूळ बसते आणि गोळा-वाटी एकमेकांना घासत राहतात. शेतरस्त्याने सोयाबीनची पोती, नाहीतर पाचच्या गाडीत नऊ माणसं नेली की हे काम आणखी लवकर होतं. पण बॉल जॉइंट सहसा न सांगता जात नाही. स्पीड ब्रेकरवर पुढून खटखट येते, गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेने घासतो. अडचण अशी की खटखट आली की आपण टेपचा आवाज वाढवतो आणि टायर घासला की टायर बदलतो. नवा टायर टाकला की तक्रार मिटल्यासारखी वाटते, सांधा तसाच राहतो.

मग हे तपासायचं कुणी? पिवळ्या पाटीच्या गाडीला पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. मधल्या काळात सक्तीची म्हणावी अशी तपासणी पीयूसीची, आणि त्यात धूर बघतात, चाक नाही. त्याच पांढऱ्या पाटीच्या गाड्या लग्नसराईत, दवाखान्याला, बाजाराला भाड्याने धावतात. तशी वाहतूक नियमात बसत नाही आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकतो, पण ती चालते हे सगळ्यांना ठाऊक आहे. भाड्याच्या गाडीची झीज आणि घरच्या गाडीची तपासणी, असा हा उलटा हिशोब.

कंपनीकडूनही दोष राहतो. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने ८७,५९९ एस-प्रेसो आणि ईको गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या या गाड्यांच्या टाय रॉडचा एक भाग क्वचित तुटू शकतो आणि स्टेअरिंगवर परिणाम होऊ शकतो, असं कंपनीनेच कळवलं. तपासणी आणि बदली फुकट. टाय रॉड हा बॉल जॉइंटचा शेजारी. त्याच्या टोकालाही असाच गोळा असतो. अमेरिकेत टोयोटाने २००५ मध्ये थेट खालच्या बॉल जॉइंटच्या दोषासाठी सुमारे पावणेआठ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. आपल्याकडे एप्रिल २०२१ पासून ७ वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी कंपनीला तसं भाग पाडायचा नियम आहे, दंड १ कोटी रुपयांपर्यंत.

खरी गोम पुढे आहे. कंपनीचा फोन किंवा निरोप जातो तो नोंदीतल्या मालकाला. गावात ईको बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या हाताची येते, नावावर करायचं "पुढच्या महिन्यात" राहतं, मोबाईल नंबर जुन्याचाच असतो. म्हणजे निरोप शहरातल्या माणसाला पोचतो आणि गाडी चालते डोणगावात. वरच्या तारखांमधली ईको किंवा एस-प्रेसो असेल तर आरसी बुकावरचा चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारता येतं. गाडी कितव्या हाताची, याने फरक पडत नाही.

बाकी गाड्यांचं काम गावातल्या गॅरेजात होतं. पुढचं चाक जॅकवर उचलून, खाली लाकडी ठोकळ्याचा आधार देऊन, वर-खाली धरून हलवायचं. चाल लागली तर बेअरिंग तरी सैल आहे किंवा बॉल जॉइंट, टॉमी लावून मेकॅनिक ते ओळखतो. आडवं धरून हलवल्यावर चाल लागली तर टाय रॉड एंड बघायचा. रबर फाटलेलं दिसलं तर खटखटीची वाट बघायची नाही. छोट्या गाडीचा बॉल जॉइंट काही शेकड्यांत येतो, लोअर आर्मसकट बदलायचा तर जास्त लागतात. ठोकून घट्ट केलेला किंवा वेल्डिंगचा टाका मारलेला जॉइंट मात्र "चालून जाईल" म्हणून घेऊ नये. नवा बसवल्यावर अलाईनमेंट करून घ्यावं, त्यासाठी मेहकरला जावं लागलं तरी. नाहीतर नवा टायर पुन्हा एका कडेने खाल्ला जातो.