एसी कितीवर ठेवायचा, हे कोण ठरवणार?

उन्हाळा लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, ‘डॉक्टर, एसी कितीवर ठेवायचा?’ विचारणारा बहुधा घरातला कर्ता मुलगा असतो. ज्यांच्या खोलीसाठी विचारायचे, ते आई-वडील शेजारी गप्प बसलेले असतात.

हा आकडा सांभाळणाऱ्या भागाला थर्मोस्टॅट म्हणतात. आरोग्याच्या सदरात हे यंत्रपुराण कशाला, असे वाचक म्हणतील. पण त्याचा इतिहास पाहिला की आपल्या सवयींवर थोडा प्रकाश पडतो.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे वॉरेन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. इमारत तापवणारी भट्टी तळघरात, आणि खोली किती तापली हे पाहायला शिपायाने वर्गावर्गात डोकवायचे. शिकवण्यात व्यत्यय येई. म्हणून १८८३ साली जॉन्सन यांनी विजेचा थर्मोस्टॅट केला. खोलीचे तापमान बदलले की तळघरात घंटा वाजे. दोन निराळ्या धातूंच्या पट्ट्या एकत्र जोडल्या तर तापल्यावर दोन्ही सारख्या प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे जोडपट्टी वाकते. सारी करामत एवढीच. दोन वर्षांनी मिनियापोलिसच्या आल्बर्ट बट्झ यांनी घंटाही वगळली आणि माणूसही. खोली गार झाली की त्यांच्या यंत्राने भट्टीच्या हवेची झडप आपोआप उघडे, विस्तव फुलत असे. खोली उबली की झडप बंद.

आपल्या साध्या एसीतही तत्त्व हेच, चालू आणि बंद. त्यामुळे १६ वर लावल्याने खोली लवकर गार होते हा निव्वळ गैरसमज आहे. कॉम्प्रेसर तेवढ्याच जोराने चालतो, फक्त थांबत नाही. बिल मात्र वाढते.

फेब्रुवारी १९७७ मध्ये इंधनटंचाईच्या काळात अध्यक्ष जिमी कार्टर यांनी अमेरिकनांना थर्मोस्टॅट दिवसा ६५ आणि रात्री ५५ अंश फॅरनहाइटवर ठेवण्यास सांगितले. म्हणजे आपले सुमारे १८ आणि १३ अंश. बचत म्हणून ठीक, पण वृद्धांच्या खोलीसाठी तो रात्रीचा आकडा मला मुळीच पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश सुचवले. वृद्ध, मुले आणि आजारी माणसांना त्याहून अधिक ऊब लागू शकते, असेही म्हटले. गंमत पाहा, तिकडे जी खालची मर्यादा, ती आपण मे महिन्यात पैसे मोजून विकत घेतो!

आपल्या मेंदूच्या तळाशीही एक थर्मोस्टॅट आहे, हायपोथॅलॅमस. वयाबरोबर हे सारे काम मंदावते. थंडी वेळेवर जाणवत नाही, कुडकुडणे कमी होते. झोपेच्या गोळ्या किंवा थायरॉइडची कमतरता असेल तर आणखीच. तान्ह्या बाळाला तर नीट कुडकुडताही येत नाही. आणि भिंतीवरच्या यंत्राला कळते ते फक्त त्याच्याजवळच्या हवेचे तापमान. पलंगावर कोण निजले आहे, ते कळत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. विदर्भात पारा ४५ वर गेलेला असताना वीजबिलाच्या धास्तीने म्हाताऱ्यांच्या खोलीतला कूलर बंद ठेवणे, हे १८ अंशांच्या हौसेपेक्षाही वाईट. उष्माघात वृद्धांना लवकर गाठतो, आणि तहान त्यांना उशिरा लागते.

सरकारने १ जानेवारी २०२० पासून नव्या एसींवर सुरुवातीचा आकडा २४ ठेवणे बंधनकारक केले, ते मला योग्य वाटते. वृद्ध आणि बाळे यांच्या खोलीत मी २६ सांगतो, सोबत पंखा हळू. झोत थेट अंगावर नको, पायांवर चादर असावी. आणि रिमोट मुलाच्या खोलीत नव्हे, आजोबांच्या उशाशी ठेवावा. कोणते बटण दाबायचे ते त्यांना दिवसाउजेडी एकदा दाखवून द्यावे.