परिचर्येचा व्यवसाय आणि आमचे गृहस्थ

वसई, नालासोपारे व विरार येथे वस्ती वाढत आहे, तशी इस्पितळेही वाढत आहेत. रात्री रोग्याच्या उशाशी जाणती परिचारिका नसेल, तर डॉक्टरांचे उत्तम निदानही फुकट जाते, हे सर्वांस ठाऊक आहे. तथापि आपल्याच मुलीने हा व्यवसाय धरावयाचा म्हटले, की पुष्कळ गृहस्थांच्या कपाळास आठ्या पडतात. रात्रपाळी, परक्याची सेवा, लोकापवाद! इस्पितळात जे काम पुण्याचे, ते आपल्या घरच्या मुलीने करताच हलके कसे ठरते?

हा आक्षेप जुनाच आहे. १९०९ साली स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली विधवांस परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून इस्पितळात धाडिले, तेव्हाही लोकांनी नाके मुरडलीच. पण त्या स्त्रियांस स्वतःची भाकरी मिळाली.

आज बारावीनंतर तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग हा क्रम खुला आहे. मात्र शुल्क भरण्यापूर्वी संस्थेस महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे की नाही, हे पालकांनी पाहावेच. परिषदेत नोंदणी न झाल्यास सारा खर्च पाण्यात.

दुसरा दोष वेतनाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीने २०१६ साली लहान खासगी इस्पितळांतही दरमहा किमान २०,००० रुपये द्यावे, अशी शिफारस केली. ती पाळणे इस्पितळचालकांचे कर्तव्य होय. आमच्या व्यापारी बंधूंनीही सत्काराच्या हारतुऱ्यांऐवजी एकेका गरजू विद्यार्थिनीचे शुल्क भरावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.